हौज कटोरा, चिखलदऱ्याची बाग आणि आमचा ‘अमरावतीचा तह’

वीकेण्डला कुठे जायचं, या प्रश्नाचं आमच्या ऑफिसातलं उत्तर ठरलेलं आहे. लोणावळा. फारच मूड असेल तर महाबळेश्वर. मी ‘चिखलदरा’ म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘‘ते कोकणात आलं ना?’’ मग मी शांतपणे सांगते, ‘‘नाही रे बाबा, विदर्भात. हो, विदर्भात हिल स्टेशन आहे. हो, तिथे थंडी पडते. आणि हो, तिथे कॉफीसुद्धा पिकते.’’ शेवटच्या वाक्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही.

माझं माहेर अकोला, सासर अमरावती आणि पोट पुण्यात. म्हणजे दिवाळी, लग्नं आणि आजारपणं सोडली तर वऱ्हाडात जाणं होत नाही. गेल्या डिसेंबरात मात्र आम्ही चार दिवसांची रजा टाकून गेलो. कारण सहलीचं नव्हतं. सासूसासऱ्यांचं अमरावतीचं घर विकायचं ठरलं होतं. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून माझ्या नवऱ्याने एक एक्सेल शीटच करून ठेवली होती. औषधं, दवाखाना, घराची देखभाल, पुण्यातला मोठा फ्लॅट, सगळं त्यात होतं. सोमवारी इसार करायचा आणि मार्चपर्यंत दोघांना पुण्याला न्यायचं. रविवार तेवढा मोकळा होता.

शनिवारी रात्री जेवताना बाबा, म्हणजे माझे सासरे, एकदम म्हणाले, ‘‘उद्या हौज कटोऱ्यावर जाऊ. मंग तसंच वर चिखलदऱ्याले. पोट्ट्यायले बाग दाखवू.’’

‘‘बाबा, घाट आहे. तुम्हाला झेपेल का?’’ नवऱ्याने विचारलं.

‘‘मले काही होत नाही बाप्पा. गाडी तू चालवशीन. मले फक्त बसायचं हाये.’’

आईंनी काही न बोलता तुरीचे सोले निवडायला घेतले. म्हणजे प्रवास पक्का!

सकाळी साडेसहाला निघालो. डिसेंबरातलं वऱ्हाड म्हणजे काय चीज आहे, हे उन्हाळ्यात येऊन नाकं मुरडणाऱ्यांना कळणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी पराटी, मध्ये तुरीच्या ओळी, कुठे संत्र्याच्या बागा. परतवाडा अमरावतीहून साधारण पन्नास किलोमीटर, आणि त्याला लागूनच अचलपूर. तेच जुनं एलिचपूर. आज तालुक्याचं गाव वाटतं, पण एकेकाळी ही वऱ्हाडची राजधानी होती. बहमनी सत्ता मोडायला लागली तेव्हा फतहउल्ला इमाद-उल-मुल्क या सुभेदाराने १४९० मध्ये इथे स्वतःचं राज्य उभं केलं. इमादशाही ती हीच. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली, पण तोवर या गावाने राजधानीचा थाट बऱ्यापैकी मिरवून घेतला होता.

त्या थाटाचा एक तुकडा म्हणजे हौज कटोरा. गावाच्या पश्चिमेला, शेतांच्या मधोमध. हौज म्हणजे पाण्याचं टाकं आणि कटोरा म्हणजे वाटी. नाव अगदी चपखल आहे. वाटीसारखा मोठा गोल तलाव आणि त्याच्या बरोबर मध्यभागी दगडी, अष्टकोनी, कमानींचा महाल. आज त्याचे तीन मजले उभे आहेत. बहमनी-इमादशाही काळातली ही इमारत. आठही बाजूंना कमानी, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी पाण्यावरून गार होऊनच आत येणार. मी अकोल्याची. मे महिन्यात पंख्याचा वाराही भाजतो म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. त्यामुळे ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्याला मी मनातल्या मनात सलाम ठोकला. कूलर नाही, एसी नाही, बिल नाही!

आम्ही गेलो तेव्हा तलावात पाणी नव्हतं, चालत जाता येत होतं. मुलं पुढे पळाली. बाबाही नेहमीपेक्षा भराभर चालत होते. आत गेल्यावर बघते तर भिंतींवर इंच न् इंच नावं. बाण घुसलेली हृदयं, तारखा, मोबाइल नंबर, कुणाचं तरी गाव. माझी आठ वर्षांची लेक मोठमोठ्याने वाचायला लागली आणि शेवटी फणकाऱ्याने म्हणाली, ‘‘आबा, किती घाण लोक आहेत ना? तुम्ही मला पेन्सिलने भिंतीवर रेघ मारली तरी रागावता.’’

बाबांचं लक्षच नव्हतं. ते एका कमानीजवळ भिंतीवरून हात फिरवत होते. मग दुसऱ्या कमानीजवळ गेले. मग तिसऱ्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पंधरा मिनिटं झाली. नवरा म्हणाला, ‘‘बाबा, काही शोधताय का?’’

‘‘इथीच होतं.’’

‘‘काय?’’

बाबा खाली पायरीवर बसले. मग म्हणाले, ‘‘नाव. माहं अन् त्याचं.’’

तो ‘तो’ कोण, हे आम्हाला विचारावं लागलं नाही. बाबांचा शाळेपासूनचा दोस्त. परतवाड्याच्या शाळेत एका बाकावर बसलेला, पुढे अमरावतीतच नोकरीला लागलेला, रोज संध्याकाळी साडेपाचला फाटक वाजवून ‘‘चाल’’ म्हणणारा. श्रावणात तो गेला. आम्ही पुण्याहून फोन केला होता, दोन मिनिटं बोललो होतो, आणि मग कुणाची तरी मीटिंग होती.

‘‘सोळा वर्षाचे होतो. शाळा बुडवून सायकलनं आलो इथी. खिशात खिळा होता. आधी त्यानं माहं नाव कोरलं, मंग म्या त्याचं. मले वाटलं, तो इथी तरी भेटन.’’

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिला एकाच वेळी दोन गोष्टी कळत होत्या आणि त्या एकमेकींत बसत नव्हत्या. शेवटी तिने विचारलं, ‘‘म्हणजे तुम्ही पण लिहिलं होतं?’’

‘‘हो. लिहिलं होतं. चुकलंच माय ते.’’ बाबा म्हणाले. ‘‘अन् आता पाय, आमच्यावर हजार जनायनं लिहून ठेवलं. आमचंच सापडून नाही राह्यलं.’’

पाचशे वर्षांच्या आसपासची भिंत. त्यावर पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचा एक ओरखडा आणि त्यावर कालपरवाचे शंभर. पुरातत्त्वाचे नियम, संवर्धन वगैरे शब्द मला ठाऊक आहेत. पण भिंतीवर लिहिणं का वाईट, ते इतकं सरळ मला कधी कळलं नव्हतं. तुम्ही एक नाव लिहिता ते दुसऱ्या कशावर तरी. आणि तुमच्यावर तिसरा लिहितोच.

परतवाड्यात चहा घेतला. अचलपूर म्हटलं की ‘शकुंतला’ची आठवण निघणारच. अचलपूर ते मूर्तिजापूर आणि तिथून यवतमाळ अशी ही नॅरोगेज गाडी. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे न्यायला इंग्रजी काळात एका खासगी कंपनीने बांधलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता गाडी बंद पडली आहे, रुळांवर गवत आहे. बाबांचा दावा असा, की गाडी इतकी हळू चालायची की उतरून बोरं तोडावी आणि परत चढावं. अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर हे माझ्या आजोळच्या वाटेवरचं स्टेशन, त्यामुळे मी लगेच अकोल्याची बाजू घेतली. ‘‘बाबा, बोरं आमच्याकडे जास्त गोड होती म्हणून तुम्ही उतरत होता.’’ ते सकाळपासून पहिल्यांदा हसले.

परतवाड्याहून घाट सुरू होतो. साधारण तीस किलोमीटर. सागवान मागे पडत जातं, हवा बदलते, मुलं खिडकीची काच खाली करतात आणि आपण जर्किन शोधायला लागतो. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर असलेलं हे गाव १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने ‘शोधलं’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोरकू आणि गवळी लोकांना ते सापडलेलंच होतं, हा भाग वेगळा! महाभारतातली गोष्ट तर त्याहून जुनी. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं झालं चिखलदरा. मुलांना अर्थातच रॉबिन्सनपेक्षा भीम आवडला.

आणि मग बाग. चिखलदऱ्याची सरकारी बाग ही इंग्रजी अमदानीची देणगी. मैदानातल्या उन्हाने बेजार झालेले साहेब लोक इथे यायचे तेव्हा बरोबर आपल्या आवडीची झाडंही घेऊन यायचे. जुन्या गॅझेटियरमध्ये चिखलदऱ्याचे गुलाब, ऑर्किड, नेचे, बटाटे, चहा आणि कॉफी यांची आवर्जून नोंद आहे. चहाचा प्रयोग मागे पडला. कॉफी मात्र टिकली. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखलं जाणारं ठिकाण हेच.

बागेत आम्ही काय केलं? काहीच नाही. आणि तेच छान होतं. मोठाल्या झाडांखाली सतरंजी अंथरली. आईंनी डबे उघडले. सोलेभात, वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. बाजूला नागपूरहून आलेला एक ग्रुप सेल्फी काढत होता. त्यांच्यातल्या एकीने भरिताकडे असं बघितलं की आईंनी तिला बोलावून अर्धी भाकर हातावर ठेवली. पाच मिनिटांत दोघींचा कुठला तरी लांबचा नातेवाईक कॉमन निघाला. वऱ्हाडात निघतोच.

लहानपणी आमच्या शाळेची सहल म्हणजे अकोल्याचं कृषी विद्यापीठ. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं हे विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झालं. तिथे बाई झाडांची नावं पाठ करून घ्यायच्या. तेव्हा कंटाळा यायचा. आता माझ्या मुलांना वड आणि पिंपळ यातला फरक सांगता येत नाही म्हणून मीच बाई झाले. गावात कॉफीचं झुडूप बघायला मिळालं तेव्हा मी त्यांना दाखवलं. फांदीला चिकटून लाल फळं, आणि एका फळात साधारणपणे दोन बिया, पोटाला पोट लावून बसलेल्या. धाकटा म्हणाला, ‘‘आपल्या मशीनमध्ये हेच असतं?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ ऑफिसात दिवसाला चार कप रिचवणाऱ्या मलासुद्धा कॉफीचं झाड नीट आत्ताच दिसत होतं, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

जेवणं झाल्यावर मुलं पळाली आणि बाबा झाडाला टेकून बसले. नवरा शेजारी. मी डबे आवरत होते, पण कान तिकडेच.

‘‘पुण्यात मी बोलू कोनाशी?’’ बाबांनी विचारलं. तक्रार नव्हती. खरंच प्रश्न होता.

नवऱ्याने एक्सेल शीटमधले मुद्दे आठवून बघितले असणार. सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे, बाग आहे, लायब्ररी आहे. तो काहीच बोलला नाही. साडेपाचला फाटक वाजवणारा माणूस कुठल्याच रकान्यात नव्हता. खरं तर तो आता अमरावतीतही नव्हता, पण ते फाटक तरी होतं.

शेवटी नवरा म्हणाला, ‘‘सोमवारचं पुढे ढकलतो. घर नाही विकत आत्ता.’’

‘‘मले विचारलं का कोनी?’’

हा आवाज आईंचा. आम्ही सगळे दचकलो. आई हात पुसत समोर येऊन बसल्या.

‘‘चाळीस वर्षं ते अंगण झाडून राह्यली मी. गुडघे गेले माहे. मले लिफ्ट पाह्यजे. मले नातवंडं पाह्यजे. यायले यायचा दोस्त होता, मले कोन होतं? मले पुण्याले जायचं हाये.’’

एका वाक्यात आमची एक्सेल शीट, बाबांची हळहळ आणि नवऱ्याचा ताजा त्याग, तिन्ही आडवे. दोघांना मिळून एक ‘आईबाबा’ समजायची आम्हाला इतकी सवय झालेली, की त्यात दोन माणसं आहेत आणि त्यांना दोन वेगळ्या गोष्टी हव्या असू शकतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. आणि मी म्हणे सून म्हणून त्यांची बाजू समजून घेते!

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाबाच म्हणाले, ‘‘चला, गाविलगड पाहून येऊ. उजेड हाये तवरक.’’

गाविलगड चिखलदऱ्यापासून अगदी जवळ. इथे चिखलदऱ्याच्या नाजूक बागेचा मूड पार बदलतो. मेळघाटच्या जंगलात पसरलेला हा प्रचंड किल्ला बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ च्या सुमारास बांधला असं मानतात. पुढे इमादशाहीने तो मजबूत केला. दिल्ली दरवाजावर कोरलेले सिंह आणि दोन डोक्यांचा पक्षी बघा. दोन डोक्यांचा पक्षी म्हणजे कर्नाटकातला गंडभेरुंड. इमादशाहीचा संस्थापक मूळचा विजयनगरकडचा, जन्माने ब्राह्मण, लढाईत लहानपणी पकडला गेलेला, असं फरिश्ता सांगतो. मला एकदम वाटलं, राजा झाल्यावरही माणूस दारावर गावाकडचा पक्षी कोरून घेतो. फरक इतकाच, की त्याला खिळा वापरावा लागला नाही.

वर चढायचा हट्ट आम्ही केला नाही. बाबा दरवाजाशी बसले आणि त्यांनी मुलांना लढाई सांगितली. १८०३. नागपूरकर भोसले आणि शिंदे एका बाजूला, इंग्रज दुसऱ्या. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात मराठी फौज हरली आणि मागे हटून गाविलगडात आली. ऑर्थर वेलस्ली दक्षिणेकडून, कर्नल स्टीव्हन्सन डोंगरातून तोफा ओढत उत्तरेकडून. १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. याच वेलस्लीने १२ वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं आणि पुढे तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला.

‘‘तह म्हणजे काय?’’ धाकट्याने विचारलं.

‘‘तह म्हंजे,’’ बाबा आईंकडे बघून म्हणाले, ‘‘दोघायनं थोडं थोडं सोडायचं. जो हरला तो जास्त सोडते.’’

‘‘मंग सोडा तुम्ही,’’ आई म्हणाल्या. आणि हसल्या.

तह गाडीत झाला. उतरताना, घाटाच्या वळणांवर, आईंच्या अध्यक्षतेखाली. कलम पहिलं, घर विकायचं नाही, मागची खोली भाड्याने द्यायची म्हणजे अंगण झाडायला आणि फाटक वाजवायला कुणीतरी राहील. कलम दुसरं, दिवाळीपासून होळीपर्यंत अमरावती, बाकीचे महिने पुणे. कलम तिसरं, पुण्यात बाबांनी रोज संध्याकाळी साडेपाचला खाली उतरायचं, मग कुणी ओळखीचं असो वा नसो. कलम चौथं आईंनी माझ्यासाठी घातलं. आम्ही दर डिसेंबरात यायचं. ‘‘अन् नुसतं लग्नायले अन् मयतीले नाही.’’

ऊन्हाळ्यात अमरावती नको आणि थंडीत सोडवत नाही, हे बघता करार हवामानालाही धरून आहे. नवऱ्याने एक्सेल शीट अजून डिलीट केलेली नाही, पण तिला एक नवीन रकाना जोडलाय. त्याचं नाव ‘सा.साडेपाच’.

परतवाड्याला परत चहाला थांबलो तेव्हा लेक हळूच आबांच्या कुशीत शिरली. तिच्या वहीत तिने बागेतलं एक झाड काढलं होतं आणि खाली तिने दोन नावं लिहिली होती. आबांचं आणि त्यांच्या दोस्ताचं. बाबांनी ते पान फाडून न घेता वहीच मागून घेतली.

जाणार असाल तर...

कसं जाल : पुणे-मुंबईहून अमरावती किंवा बडनेरा स्टेशनला रेल्वेने या. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवाही सुरू झाली. अकोल्याहून येणाऱ्यांना अमरावतीपर्यंतचा हायवे आहे. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण साडेचार दिवसांत करून गिनीज विक्रम झाला होता. तिथून परतवाडामार्गे चिखलदरा साधारण ८५ किलोमीटर. घाटात रात्री गाडी चालवणं टाळा. हा व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख आहे.

कधी जाल : पावसाळ्यात धुकं, धबधबे आणि तुफान गर्दी. शांतता हवी असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. स्वेटर घ्या, ‘विदर्भात कसली थंडी’ म्हणू नका.

काय खाल : चिखलदऱ्याला रबडी, अमरावतीला गिला वडा. आणि कुणाचा घरचा डबा उघडलेला दिसला तर लाजू नका.

अजून वेळ असेल तर : अकोल्याकडून येत असाल तर अकोटजवळचा नरनाळा किल्ला आणि तिथला नक्षीदार महाकाली दरवाजा, तसंच बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री.

आणि हो, हौज कटोऱ्याला जाल तेव्हा खिशातली किल्ली खिशातच राहू द्या. तिथे दोन सोळा वर्षांच्या पोरांची नावं आहेत. आधीच सापडत नाहीयेत.